मलावीतला मका आणि मॉडेलमधला मका

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी पदव्युत्तर झालेल्या एका तरुणाला नोकरी मिळते आहे. कंपनी आफ्रिकी देशांसाठी उपग्रह आणि एआय वापरून पीक-अंदाज, पीकविमा, खतसल्ला अशी कामं करते. मुलाखतीत त्याला सांगितलं गेलं, की आफ्रिकेतल्या भुकेचं मूळ डेटाच्या अभावात आहे आणि तो भरून निघाला की बाकी सगळं मार्गी लागेल. हे कितपत खरं, आणि या क्षेत्रात जायचं तर पायथॉन ही संगणकाची भाषा शिकावी की जीआयएस, म्हणजे नकाशांवर माहिती मांडण्याचं तंत्र, असं त्याने विचारलं आहे.

पीक-सर्वेक्षणाच्या कामात मी बरीच वर्षं काढली, आधी महाराष्ट्रात आणि नंतर आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत. त्या भरवशावर सांगते: डेटाने फरक पडतो, काही ठिकाणी तर फार मोठा पडतो. पण तुमच्या मुलाखतकारांनी ज्या डेटाचं नाव घेतलं त्याचा तिथे तुटवडा नाही. उपग्रह रोज वरून जातात. तुटवडा आहे तो बांधावर उभं राहून, दोरी धरून, वजनकाट्यावर घेतलेल्या आकड्यांचा. आणि आकडा हातात आल्यावर त्यावर निर्णय घेणाऱ्या माणसाचा.

आफ्रिका म्हणजे चोपन्न देश. मोरोक्कोच्या गव्हाबद्दल खरं असेल ते नायजरच्या बाजरीबद्दल खरं असेलच असं नाही. म्हणून मी मुख्यतः मलावीबद्दल बोलणार आहे, बाकीचे देश ओघात येतील.

२०१५-१६ चा हंगाम एल निनोचा होता. मलावीत शेती म्हणजे मका, आणि जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्सिमा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या पावसावर पेरायचं आणि एप्रिलच्या आसपास काढायचं, असा एकच मुख्य हंगाम. सरकारने त्या वर्षी ‘आफ्रिकन रिस्क कपॅसिटी’ या आफ्रिकन युनियनच्या संस्थेकडे दुष्काळाचा विमा उतरवला होता. हप्ता ४७ लाख डॉलर. आपल्याकडे विम्याच्या भरपाईला पीक कापणीचा आकडा लागतो, तसा तिथे लागत नाही. उपग्रहावरून पाऊस मोजायचा, तो मॉडेलमध्ये घालायचा, पिकाला लागणारं पाणी आणि मिळालेलं पाणी यांचं गुणोत्तर काढायचं, त्यावरून किती लोकांवर उपासमारीची वेळ येईल ते ठरवायचं, आणि ती संख्या ठरलेल्या रेषेच्या वर गेली की पैसे द्यायचे. पंचनामा नाही, भानगड नाही, पैसे लवकर. कागदावर योजना उत्तम होती आणि आजही मला ती कल्पना वाईट वाटत नाही.

पाऊस दगा देऊन गेला. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली. ६५ लाखांहून अधिक लोकांना, म्हणजे देशाच्या एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्येला, अन्नाची मदत लागणार असा अंदाज आला. मॉडेल मात्र सांगत होतं, की दुष्काळाची झळ साधारण २१ हजार माणसांना बसेल. भरपाई शून्य.

चूक शोधायला माणसं गावांत गेली तेव्हा उलगडा झाला. मॉडेलमध्ये १२० ते १४० दिवसांचा मका धरला होता. शेतकरी लावत होते साधारण ९० दिवसांत येणारे वाण. मका करणाऱ्या कोणालाही यातली गोम लगेच कळेल. तुरा आणि स्त्रीकेसर बाहेर पडण्याच्या दोन-तीन आठवड्यांत पाण्याचा ताण बसला तर कणसात दाणेच भरत नाहीत. त्याच ताणातून वाढीच्या अवस्थेतलं पीक सावरू शकतं. पाऊस तोच, उघडीपही तीच, पण वाणाचा कालावधी बदलला की फुलोऱ्याची तारीख सरकते आणि सगळा हिशेब उलटतो. कालावधी दुरुस्त करून मॉडेल पुन्हा चालवलं तेव्हा भरपाई लागू झाली. ८१ लाख डॉलर. मंजुरी नोव्हेंबर २०१६ मध्ये, पैसे जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे पुढचा मका शेतात गुडघाभर झाल्यावर. लवकर पैसे हा ज्या विम्याचा सगळा मोठेपणा, तो त्या एका बाबतीतच हरला.

या प्रकरणाचा अर्थ अनेकांनी ‘उपग्रह फसला’ असा लावला. तो बरोबर नाही. पावसाचा आकडा बव्हंशी ठीक होता. नव्हती ती एक साधी माहिती: या वर्षी तुम्ही कोणता मका लावलात? ती माहिती गावातल्या कुठल्याही बाईने कुदळीच्या दांड्यावर रेलून दोन मिनिटांत दिली असती. विचारायला कोणी गेलं नव्हतं.

आता, कोणी का गेलं नव्हतं? मलावीत सरकारचं पीक-उत्पादन सर्वेक्षण दरवर्षी होतं, तेही तीन फेऱ्यांत. त्याचा सगळा भार कृषी विस्तार अधिकाऱ्यावर, म्हणजे आपल्या कृषी सहायकावर, असतो. त्याच्याकडे गावं डझनावारी, मोटारसायकल असेलच असं नाही, असली तर पेट्रोलचे पैसे वेळेवर येतील याची खात्री नाही. खताच्या अनुदानाची यादी करणं, प्रात्यक्षिकं घेणं, एनजीओंच्या बैठकांना जाणं हे सगळं सांभाळून त्याने शेतं मोजायची. महाराष्ट्रात ज्यांनी ई-पीक पाहणीच्या पहिल्या वर्षी तलाठी आणि कृषी सहायकांची तारांबळ पाहिली आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे शेताला गट नंबर आहे. सातबाऱ्यावरचं क्षेत्र वादाचं असेल, पोटहिस्से पडलेले असतील, तरी सुरुवात करायला कागद आहे. मलावीत बहुतेक शेती वहिवाटीच्या जमिनीवर होते. गावचा प्रमुख दाखवेल ती हद्द. मोजणीचा नकाशा नाही, नंबर नाही. त्यामुळे ‘तुमचं शेत किती?’ या प्रश्नाचं उत्तर शेतकरी अंदाजाने देतो, आणि तो अंदाज एकाच दिशेने चुकत नाही. युगांडात शेतकऱ्यांनी सांगितलेलं क्षेत्र आणि जीपीएस घेऊन कडेने चालून काढलेलं क्षेत्र ताडून पाहिलं गेलं. छोट्या तुकड्याचा मालक क्षेत्र फुगवून सांगतो, मोठ्या शेताचा कमी करून. कोणी खोटं बोलत नसतं, लोक सोयीच्या एकरात बोलतात एवढंच. पण एकरी उत्पादन काढताना भागाकारात खालचा आकडा हाच, म्हणून तिथली चूक सगळीकडे पसरते.

वरचा आकडाही सरळ येत नाही. किती पिकलं असं विचारलं की उत्तर येतं ‘तीन बैलगाड्या’, ‘दहा बादल्या’, ‘चार डेंगू’. डेंगू म्हणजे टोपली, आणि ती घरोघरी वेगळी. पायली आणि मणावर वाढलेल्या पिढीला हे समजेल: माप ठरलेलं असतं, पण ते त्या गावापुरतं. त्यातही मका सोललेला की कणसासकट? कणसासकट असेल तर वाळलेला की ओला? पोतं ५० किलोचं म्हणतात, पण शीग लावून, वरून शिवून भरलं तर त्यात बरंच जास्त मावतं. मलावीच्या कुटुंब सर्वेक्षणात या मापांसाठी फोटोंची वही वापरतात. छोटी बादली, मोठी बादली, लहान ढीग, मोठा ढीग, असे फोटो शेतकऱ्यापुढे धरायचे आणि यातलं कोणतं ते विचारायचं. मला हे साधन कुठल्याही अल्गोरिदमइतकंच मोलाचं वाटतं.

यावर उपाय म्हणजे स्वतः कापून पाहणं. पीक कापणी प्रयोग. शेताचा एक कोपरा धरायचा, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तेवढी पावलं लांबीने आणि तेवढी रुंदीने चालायची, तिथे पहिली खुंटी. मग दोरीने चौकोन आखायचा, कर्ण मोजून काटकोन तपासायचा. इथपर्यंत काही अडत नाही. अडतं ते पुढे. खुंटी नेमकी विरळ जागी पडली की शेतकरी म्हणतो, इथे काय घेता, पलीकडे चांगलं आहे. सोबतचा कर्मचारीही मनातून त्याच मताचा असतो, कारण विरळ शेत दाखवलं तर साहेब विचारतील. मग दोरीवर येणारं झाड आत धरायचं की बाहेर? नियम आहे, पण कणीस भरदार असेल तर हात आपोआप आत वळतो. चौकोन छोटा असेल तर कडेच्या झाडांचं प्रमाण जास्त, म्हणून ही चूकही जास्त.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत काम करताना संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी ते आकड्यांनिशी मांडलं होतं. छोट्या तुकड्यांची कापणी उत्पन्न फुगवून दाखवते, असं ते म्हणत. दुसरे नामवंत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा कल बंगालमधल्या अनुभवावरून छोट्या कापण्यांकडे होता, आणि दोघांचा या प्रश्नावरचा वाद गाजला. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. वि. गो. पानसे यांच्यासोबत त्यांनी यादृच्छिक पीक कापणीची पद्धत भारतात रुजवली. पुढे १९५० च्या दशकात ते रोमला एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले, आणि ही पद्धत नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांपर्यंत त्या मार्गाने पोचली. मलावीतल्या एखाद्या खेड्यात दोरी ताणताना आपण साताऱ्याच्या माणसाने घालून दिलेल्या शिस्तीत काम करतो आहोत, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना मी आवर्जून सांगत असे. त्यांना त्याचं विशेष काही वाटत नसे. त्यांना दोरी भिजल्यावर आखडते ही अडचण जास्त महत्त्वाची होती, आणि ते बरोबरच होतं.

मोजणी चुकली तर नुकसान काय होतं? २००१ चं उदाहरण घ्या. मलावीत मक्याचं पीक आदल्या वर्षीपेक्षा खूप कमी आलं. पण सरकारी अंदाजात कसावा आणि रताळ्याचं उत्पादन भरघोस दाखवलं होतं. मक्याची तूट कंदमुळांनी भरून निघेल, असं सरकारनेही मानलं आणि देणगीदारांनीही. कसावा ही मोजायला महाकठीण गोष्ट. तो एकदम काढत नाहीत. लागेल तसा, एकेक झाड उपटत, वर्षभर खातात. शेतात उभा आहे तो या वर्षीचा की पुढच्या, हे ठरवणंच अवघड. तो आकडा फुगलेला होता. त्याच सुमाराला धान्याचा राखीव साठा बराचसा विकलाही गेला होता. त्यामागच्या सल्ल्यावरून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि सरकार यांच्यात पुढे बरीच चिखलफेक झाली. २००२ च्या सुरुवातीला लोकांनी हिरवी कणसं खायला सुरुवात केली, त्यामुळे पुढची काढणीही घटली. त्या भुकेने किती माणसं गेली, शेकड्यांत की हजारांत, यावर आजही एकमत नाही. मेलेल्यांचीही मोजणी झाली नाही.

पुढे २००५-०६ पासून मलावीने खत-बियाण्यांवर मोठं अनुदान सुरू केलं आणि पीक खरोखर वाढलं. २००७ मध्ये सरकारने ३४ लाख टन मक्याचा आकडा जाहीर केला. जगभर कौतुक झालं. झिम्बाब्वेला मका निर्यातही झाला. आणि २००८ उजाडता उजाडता देशात मक्याचे भाव चढू लागले. इतका मका असेल तर भाव का चढावेत? त्याच हंगामाच्या राष्ट्रीय कृषी गणनेतून निघालेलं उत्पादन जाहीर आकड्यापेक्षा खूपच कमी होतं. कोणी एका माणसाने बसून आकडा फुगवला असं मला वाटत नाही. अनुदानाच्या यशावर सगळ्यांची प्रतिष्ठा लागली की खालपासून वरपर्यंत प्रत्येक जण थोडं थोडं वर ढकलतो.

आपल्याकडे पैसेवारीत नेमकं उलटं घडतं, हे गमतीचं आहे. ५० पैशांच्या खाली गेलं की सवलती मिळतात, म्हणून गावाचा जोर आकडा खाली आणण्याकडे आणि सरकारचा वर ठेवण्याकडे. दोन्हीकडे धडा तोच: पिकाचा आकडा ज्याच्या हिताला चिकटलेला आहे, त्याच्याकडूनच तो मोजून घेऊ नये. म्हणून मला सांख्यिकी खातं कृषी खात्यापासून वेगळं असलेलं बरं वाटतं, मग त्यांची कितीही भांडणं होवोत.

चांगली बाजूही सांगायला हवी, कारण गेल्या पंधरा-सतरा वर्षांत काम झालं आहे. जागतिक बँकेने आठ देशांच्या सांख्यिकी खात्यांबरोबर कुटुंब आणि शेती यांची एकत्र सर्वेक्षणं सुरू केली. इथिओपिया, मलावी, माली, नायजर, नायजेरिया, टांझानिया, युगांडा आणि बुर्किना फासो. त्याच कुटुंबांकडे दर काही वर्षांनी परत जायचं, शेत जीपीएसने मोजायचं, कोणी कोणत्या शेतात किती दिवस राबलं ते लिहायचं. त्यातून जे निघालं त्याने बऱ्याच पाठ केलेल्या वाक्यांची पंचाईत केली. ‘आफ्रिकेत शेतीतलं ६० ते ८० टक्के काम बायका करतात’ हे वाक्य प्रत्येक अहवालात असायचं. सहा देशांच्या आकड्यांतून बायकांचा पिकांमधल्या श्रमाचा वाटा सरासरी ४० टक्के निघाला. नायजरमध्ये २४, युगांडात ५६. मला स्वतःला हा निष्कर्ष पचायला जड गेला. बायकांचं काम कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. पाणी, सरपण, दळण-कांडण यात येत नाही. पण ‘सगळीकडे बायकाच शेती करतात’ असं धरून युगांडात आखलेली योजना नायजरमध्ये नेली तर ती का बसत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

काढणीनंतरच्या नासाडीचंही तेच. तिसरा हिस्सा धान्य वाया जातं असं सर्रास म्हटलं जातं. मलावी, टांझानिया आणि युगांडात शेतकऱ्यांच्याच सांगण्यावरून मक्याची शेतावरची आणि घरातली नासाडी १.४ ते ५.९ टक्क्यांच्या दरम्यान निघाली. सगळ्यांच्या घरी थोडी-थोडी नाही, तर थोड्या घरांत भरपूर. मग सर्वांना धातूच्या कणग्या वाटण्यापेक्षा ती घरं कोणती हे शोधणं शहाणपणाचं. इथिओपियात तर पिकाच्या नमुन्याची डीएनए तपासणी करून पाहिली गेली, तेव्हा शेतकरी ज्याला देशी म्हणत होते त्यातलं बरंच सुधारित वाणाचं निघालं, विशेषतः गव्हात. मलावीच्या ९० दिवसांच्या मक्याशी याचं नातं लक्षात आलं असेलच. वाण कोणतं, ही माहिती शेतकऱ्याला विचारून अर्धी मिळते. उरलेली प्रयोगशाळेत.

आता उपग्रहाबद्दल, कारण नोकरी त्याची आहे. युरोपचा सेंटिनेल-२ फुकट आहे, १० मीटरचा पिक्सेल देतो आणि दर पाच दिवसांनी येतो. एक एकर म्हणजे साधारण ४० पिक्सेल. मलावीत अर्धा एकराचे तुकडे पुष्कळ. म्हणजे २०, त्यातले कडेचे शेजाऱ्याच्या शेतात मिसळलेले. त्या उरलेल्या डझनभर पिक्सेलांत मका एकटा नसतो. ओळींमध्ये तूर, खाली भुईमूग किंवा भोपळा, मध्येच आंब्याचं झाड. आणि ज्या जानेवारी-फेब्रुवारीत पीक कसं आहे ते कळायला हवं, त्याच दोन महिन्यांत आभाळ भरलेलं. रडार ढगांतून पाहतं, पण त्याचा अर्थ लावायला पुन्हा जमिनीवरचे नमुने लागतातच. जिल्ह्याच्या पातळीवर कल सांगायला हे सगळं उत्तम. अमुक शेतकऱ्याच्या तुकड्यात एकरी किती येईल हे सांगणारा माणूस भेटला, तर त्याला एवढंच विचारा: कापणी कुठे केलीत?

जिथे पाहायची गोष्टच मोठी आणि सलग असते तिथे उपग्रह खरा कामाला येतो. उत्तर केनियात मार्साबितला २०१० मध्ये जनावरांचा निर्देशांक-विमा सुरू झाला. गायरान किती हिरवं आहे ते आकाशातून पाहायचं, ठरलेल्या पातळीखाली गेलं की पशुपालकाला पैसे. त्यामागच्या कामासाठी अँड्र्यू मुडे यांना २०१६ चा नॉर्मन बोरलॉग पुरस्कार मिळाला. सुरुवातीला पैसे जनावरं मेल्याच्या अंदाजावर मिळत. पुढे ते कुरण सुकू लागल्यावरच, म्हणजे चारा-पाणी विकत घेऊन जनावर जगवता येईल अशा वेळी देण्याकडे वळवले गेले. हा बदल मला मूळ कल्पनेपेक्षाही मोठा वाटतो. त्यातही खोट आहेच: आकाशातून हिरवं दिसतं ते सगळं खाण्याजोगं नसतं. आपली वेडी बाभूळ तिथेही मातली आहे, आणि ती दुष्काळातही हिरवीगार असते.

२०२० ची टोळधाड हे दुसरं उदाहरण. केनियात सत्तर वर्षांत असं संकट आलं नव्हतं. एफएओने आधी टोळपथकांच्या खास उपकरणावर चालणारी नोंदपद्धत साध्या मोबाइलवर आणली. थवा दिसला, जागेसकट नोंद झाली, नकाशावर आली, विमान तिकडे वळलं. इथे डेटा चालला, कारण नोंद झाल्यावर कोणी, काय, किती वेळात करायचं ते आधीच ठरलेलं होतं.

हे ठरलेलं नसलं तर काय होतं ते सोमालियाने दाखवलं. १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर अमेरिकेने फ्यूज नेट ही पूर्वसूचना यंत्रणा १९८५ मध्ये उभारली. २०१० च्या उत्तरार्धापासून ती सांगत होती की ला निनामुळे आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या पूर्व टोकाच्या भागात, पाऊस फसणार. एकामागून एक इशारे गेले. दुष्काळाची अधिकृत घोषणा झाली २० जुलै २०११ रोजी. ही घोषणा अन्नटंचाईच्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-पद्धतीनुसार होते, आणि तिचे निकष कडक आहेत: किमान २० टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे दिवसाला दोन मृत्यू. म्हणजे घोषणा होते तेव्हा माणसं मरायला लागून बराच काळ लोटलेला असतो. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यातली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं. यात डेटा कमी पडला असं कोणी म्हणू शकत नाही. देणगीदार घोषणेची वाट पाहत होते, आणि दक्षिण सोमालियात अल-शबाब या सशस्त्र गटाच्या ताब्यातल्या भागात मदत नेण्यावर बंधनं होती. सुदानमध्ये याच्या पुढची पायरी दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं या पद्धतीच्या तज्ज्ञ समितीने नक्की केलं, आणि वर्षअखेरीस सुदान सरकारने त्या वर्गीकरण-पद्धतीतूनच अंग काढून घेतलं.

आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत रोखली तेव्हा फ्यूज नेटचं संकेतस्थळच बंद पडलं. पुढे ते टप्प्याटप्प्याने परत आलं, पण चाळीस वर्षांची यंत्रणा एका सहीने अंधारात जाऊ शकते हे सगळ्यांनी पाहिलं. देशांची स्वतःची सांख्यिकी खाती सक्षम करायला पैसा द्या, असं जुनी मंडळी का ओरडत होती ते तेव्हा अनेकांना उमगलं. पन्नास देशांत नियमित कृषी सर्वेक्षणं उभी करण्याचा एक आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे. त्याच्या बातम्या होत नाहीत. तुम्हाला मिळणाऱ्या ऑफरइतका पगारही त्यात नसेल.

शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? मोबाइलवरून सल्ला दिला तर उत्पादन सरासरी ४ टक्क्यांनी वाढतं, असं मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून दाखवलं. त्यात भारतातलेही प्रयोग आहेत. ४ टक्के हे हसण्यासारखं नाही, कारण संदेशाचा खर्च जवळजवळ नसतोच. पण ‘उत्पादन दुप्पट’ अशी पाटी लावणाऱ्या ॲपवाल्यांनी तो आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. बाजारभावाच्या बाबतीत परिणाम जास्त ठसठशीत दिसतो. नायजरमध्ये मोबाइल आल्यावर बाजाराबाजारातला धान्याच्या भावातला फरक १० ते १६ टक्क्यांनी कमी झाला. कोणी खास यंत्रणा उभारली नव्हती. व्यापारी एकमेकांना फोन करू लागले.

कधीकधी हवा असलेला आकडा त्या देशात नसतोच. मलावीत मक्यात जी तूर असते तिला नांडोलो म्हणतात, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक भारत. २०१६-१७ मध्ये आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं, सुमारे ४८ लाख टन. विदर्भ-मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांपुढच्या रांगा आणि बारदान्यावरून झालेली भांडणं आठवत असतील. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. मलावी आणि मोझांबिकमध्ये तेव्हा तूर नुकतीच घरात येत होती. भाव कोसळले. पेरताना त्या शेतकऱ्याला उपयोगी पडला असता असा आकडा लातूर-अकोल्यातल्या पेऱ्याचा आणि दिल्लीच्या साठ्याचा होता. मोझांबिकशी भारताचा खरेदी-करार २०१६ मध्येच झाला होता. मलावीशी २०२१ मध्ये झाला, वर्षाला ५० हजार टनांचा. तुम्ही ज्या कंपनीत जाता आहात तिने जर महाराष्ट्रातल्या तुरीचा पेरा वेळेवर मोजून मलावीतल्या शेतकरी संघांना कळवला, तर मी त्या उत्पादनाची जाहिरात फुकट करेन.

तर नोकरी घ्या. फक्त रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. तुमच्या मॉडेलला शिकवायला वापरलेले जमिनीवरचे नमुने कोणत्या देशातले, कोणत्या वर्षीचे आणि कोणी घेतलेले? पश्चिम केनियातले नमुने घेऊन मलावीचं पीक सांगणारी मॉडेलं मी पाहिली आहेत. दुसरं, तुमचा अंदाज कोण वापरतं आणि तो आल्यावर नेमकं काय करतं? याचं उत्तर ‘डॅशबोर्डवर दिसतं’ असं आलं तर सावध व्हा. तिसरं, क्षेत्र-कर्मचाऱ्यांचा खर्च एकूण खर्चाच्या किती आहे? इंजिनियरांच्या पगाराशेजारी तो नगण्य असेल, तर मलावीच्या विम्यासारखा प्रसंग तुमचीही वाट पाहतो आहे.

पायथॉन की जीआयएस, याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही सहा-आठ महिन्यांत कामापुरते येतात, आणि आता एआय बराच कोड लिहून देतो. त्यापेक्षा नमुना-निवडीचं शास्त्र पक्कं करा. कृषी विद्यापीठात तो पेपर पास होण्यापुरता वाचलेला असतो, तो पुन्हा काढा. यंदाच्या खरिपात आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन पीक कापणी प्रयोगांना उभे राहा, कोणी अडवत नाही. तिकडे गेल्यावर पहिला हंगाम राजधानी लिलाँग्वेच्या ऑफिसात काढू नका. चिचेवा ही तिथली भाषा शिका, निदान वाणांची आणि मापांची नावं तरी. आणि जीपीएसचे सेल भिजणार नाहीत अशी पिशवी इथूनच घेऊन जा, तिथे महाग मिळते.